पहिला ईसीजी नॉर्मल आला, मग?

"ईसीजी नॉर्मल आहे, काळजी करू नका." छातीत दुखतंय म्हणून धावतपळत दवाखाना गाठलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना यापरतं गोड वाक्य नाही. मोटारसायकलवर मागे बसून आलेला माणूस तसाच परत जातो, वाटेत मेडिकलमधून पित्ताची गोळी घेतो आणि घरी येऊन पाठ टेकतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला काही अटॅक आलेला नसतो. पण काही वेळा तो आलेला असतो आणि पट्टीवर अजून उमटलेला नसतो. हा लेख त्या काही वेळांसाठी आहे.

हार्ट अटॅक ओळखण्यासाठी ईसीजीइतकं स्वस्त आणि झटपट साधन दुसरं नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही पाच मिनिटांत पट्टी हातात पडते. मात्र ती केव्हा काढली, कशी काढली, किती वेळा काढली आणि कशाशी ताडून पाहिली, यावर तिचं मोल ठरतं. यातलं बरंच काही रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या हातात असतं, पण ते त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

हृदयाचे स्नायू आकुंचन पावतात ते विजेच्या अगदी सूक्ष्म लाटेमुळे. ही लाट कातडीवरूनही टिपता येते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी यंत्र बनवलं. ते जवळपास २७० किलोंचं होतं, चालवायला पाच माणसं लागायची आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागायचं. लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांनीच दिली. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. छातीवरच्या सहा जागा मात्र १९३८ साली ठरल्या. आज हातापायांच्या चार क्लिपा आणि छातीवरचे सहा बल्ब अशा दहा जोडण्यांमधून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहिलं जातं. बारा लीडचा ईसीजी म्हणतात तो हाच.

आता पट्टी जरा जवळून पाहा. गुलाबी कागदावरचा सगळ्यात लहान चौकोन एक मिलिमीटरचा असतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक लहान चौकोन ०.०४ सेकंदांचा. उभ्या दिशेनं १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. एस आणि टी यांच्यामधला भाग, म्हणजे 'एसटी', एरवी आधाररेषेला धरून असतो. हृदयाची मोठी रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की तो वर उचलला जातो. शेजारशेजारच्या किमान दोन लीडमध्ये तो एक मिलिमीटर वर असेल तर डॉक्टर सावध होतात. छातीवरच्या व्ही-२ आणि व्ही-३ या लीडमध्ये निकष थोडे वेगळे आहेत: चाळिशी ओलांडलेल्या पुरुषात २ मिलिमीटर, त्याहून तरुण पुरुषात अडीच, स्त्रियांमध्ये दीड. यालाच 'स्टेमी' म्हणतात, आणि त्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की अँजिओप्लास्टीसाठी थेट कॅथलॅबमध्ये न्यायचं हे ठरतं. माणसाच्या आयुष्याचा निर्णय एकदोन मिलिमीटरवर अडलेला असतो. त्यामुळे क्लिपा आणि बल्ब लावण्यातला ढिसाळपणा परवडत नाही.

पण त्याआधी वेळेचं बोलू, कारण सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमध्ये झालेल्या 'क्रिएट' पाहणीत वीस हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ होता ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास! दारात पोचल्यावर इंजेक्शन मिळेपर्यंतची वेळ ५० मिनिटं. घरातच किती वेळ जातो बघा. आधी ओवा, मग सोडा, मग पादेलोण, मग "थोडं झोपून बघ". ढेकर आली आणि जरा मोकळं वाटलं की सगळे निर्धास्त होतात. ढेकर आल्यानं किंवा पित्ताचं औषध घेतल्यानं बरं वाटलं, एवढ्यावरून अटॅक नाही असं ठरत नाही. छातीत भरून येणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणं, दरदरून घाम फुटणं, धाप लागणं, बेंबीच्या वर जड वाटून मळमळणं यांपैकी काहीही दहापंधरा मिनिटांत ओसरलं नाही तर निघायचंच. घाम आणि धाप एकदम सुरू झाली असेल तर तेवढंही थांबू नका. मधुमेह असलेल्यांना, स्त्रियांना आणि वयस्करांना छातीत दुखेलच असं नाही. नुसता थकवा आणि धाप एवढंच असू शकतं.

स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ ला फोन करा. रक्तस्रावाचा त्रास किंवा अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खाण्याबद्दल फोनवरच विचारा. सॉर्बिट्रेटची गोळी मात्र कुणीतरी सांगितलं म्हणून जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब उतरलेला असेल, पुरुषानं लैंगिक क्षमतेची गोळी घेतली असेल किंवा हृदयाच्या उजव्या कप्प्याला अटॅकचा फटका बसला असेल, तर त्या गोळीनं रक्तदाब धाडकन कोसळू शकतो.

दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य कोणतं असावं? "छातीत दुखतंय, ईसीजी काढा." केसपेपर, आधार कार्ड, मागची फाइल हे सगळं नंतर. आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघून तो डॉक्टरांनी पाहिलेला असावा, असं जगभरातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लाइनीत बसून राहणं हा इथे शहाणपणा नाही. आमच्याकडे भीड फार. "डॉक्टर येतील तेव्हा बघतील" म्हणून बाकावर अर्धा तास घाम पुसत बसणारी माणसं पाहिली की जीव तुटतो.

आता क्लिपा आणि बल्ब. छातीवर वरून खाली बोट फिरवा; गळ्याच्या खाचेपासून तीनचार बोटं खाली मधल्या हाडाला एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी जोडलेली असते. तिथून बरगड्यांमधल्या खाचा मोजत चौथ्या खाचेत उतरायचं. हाडाच्या उजव्या कडेला व्ही-१, डाव्या कडेला व्ही-२. व्ही-४ पाचव्या खाचेत, डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही-३ या दोघांच्या मध्ये. व्ही-५ आणि व्ही-६ व्ही-४ च्याच पातळीत, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. हे मोजायला अर्धं मिनिट लागतं. ते वाचवण्यासाठी व्ही-१ आणि व्ही-२ अंदाजानं वर लावले जातात. ही जगभरातली नेहमीची चूक आहे. त्यानं कधी नसलेला जुना अटॅक दिसतो, तर कधी असलेला झाकला जातो. हातांच्या क्लिपा आदलाबदल झाल्या तर पहिली लीड उलटी येते आणि एव्हीआर ही लीड सरळ. अशी पट्टी दिसली की आधी क्लिपा तपासाव्यात, मगच आजार शोधावा. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा.

स्त्रियांच्या बाबतीत संकोचामुळे पट्टी हमखास बिघडते. ब्लाउज पुरता न काढता, पदराआडून हात घालून बल्ब लावले जातात आणि ते कुठेही बसतात. पडदा ओढा, सिस्टरना बोलवा, पण छाती मोकळी करूनच ईसीजी काढायला सांगा. व्ही-४ पासून पुढचे बल्ब सहसा स्तनाच्या खाली लावतात. सोबत सासू, नणंद, मुलगी कुणी असेल तर तिनं हे ठामपणे सांगावं. लाजेपायी चुकलेला ईसीजी काढण्यापेक्षा न काढलेला बरा, कारण चुकलेला खोटा दिलासा देतो.

सिस्टर, टेक्निशियन आणि जनरल प्रॅक्टिशनर मित्रांसाठी चार गोष्टी. अटॅकचा रुग्ण घामानं निथळत असतो, तेव्हा आधी कातडी गॉजनं कोरडी करा. केस दाट असतील तर तेवढ्यापुरते काढा. पट्टीच्या टोकाला उभा चौकोनी ठसा बरोबर १० मिलिमीटर उंच आहे ना, ते बघा; निम्म्या उंचीवर सेट झालेल्या यंत्रात दोन मिलिमीटरची उचल एकच दिसेल. मॉनिटरचा फिल्टर लावून काढलेल्या पट्टीत एसटी वाकडातिकडा होऊ शकतो, म्हणून निदानाच्या सेटिंगवरच काढा; त्यात खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ असते. आणि पट्टीवर नाव, वेळ आणि 'दुखत असताना' की 'दुखणं थांबल्यावर' हे पेननं लिहा. शेवटचं कुणीच लिहीत नाही, आणि मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला नेमकं तेच हवं असतं.

आता मूळ प्रश्नाकडे. एक नमुना केस मांडू. बावन्न वर्षांचा किराणा दुकानदार, साखर आहे. रात्री नऊला छातीत भरून आलं, ९.४० ला पहिला ईसीजी निघाला. एसटी जागेवर. फक्त व्ही-२ ते व्ही-४ मध्ये टी लहर बुडाशी रुंद, फुगलेली, शेजारच्या क्यूआरएसच्या मानानं जास्तच मोठी. यंत्रानं वर छापलं: नॉर्मल. दुखणं चालूच. १०.१० ला दुसरा ईसीजी, आणि त्याच लीडमध्ये एसटी तीन मिलिमीटर वर! अर्ध्या तासात यंत्र बदललं नाही, माणूस बदलला नाही. रक्तवाहिनी बंद झाल्यावर पट्टीवर सगळ्यात आधी टी फुगते, एसटी मागून येतो, एवढंच. हा माणूस ९.४५ ला घरी गेला असता तर?

म्हणून त्रास चालू असेल आणि पहिली पट्टी साफ असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी परत काढायचा असतो. नातेवाइकांनी विचारायचा प्रश्न अगदी साधा आहे: "डॉक्टर, अर्ध्या तासानं परत एकदा काढूया का? आणि ट्रोपोनिन कधी करायचं?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही. ट्रोपोनिन हे स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन. पण ते चढायला काही तास लागतात. त्रास सुरू झाल्या झाल्या केलेली एकच चाचणी निगेटिव्ह आली म्हणून सुटका मानू नये. नव्या, जास्त संवेदनशील चाचणीतही एकदोन तासांच्या अंतरानं दोनदा बघतात. उलट बाजूही लक्षात ठेवा: एसटी स्पष्ट वर असेल तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं.

गुठळी कधी सुटते, कधी परत बसते. त्यामुळे दुखणं थांबल्यावरचा ईसीजीही तितकाच मोलाचा. नेदरलँड्समधल्या वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिलं की काही रुग्णांत कळ थांबल्यावर व्ही-२, व्ही-३ मध्ये टी खोल उलटी होते किंवा अर्धी वर-अर्धी खाली येते, आणि त्यांच्या हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद व्हायला आलेली असते. माणूस आरामात बसून चहा मागत असतो आणि पट्टी धोक्याचा इशारा देत असते. अशा रुग्णाला ट्रेडमिल टेस्टवर चढवणं जिवावर बेतू शकतं.

आता ईसीजीच्या आंधळ्या जागा. छातीवरचे सहा बल्ब हृदयाच्या पुढच्या आणि डाव्या बाजूला असतात. मागच्या भिंतीला अटॅक आला तर ते परसदारी लागलेली आग पुढच्या ओट्यावर बसून ओळखण्यासारखं आहे. व्ही-१ ते व्ही-४ मध्ये एसटी खाली गेलेला दिसला तर पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्याखालच्या पातळीत व्ही-७ ते व्ही-९ लावून बघावं; तिथे अर्धा मिलिमीटर उचलही पुरे. खालच्या भिंतीचा अटॅक दिसला की उजव्या छातीवर व्ही-४ आर काढायचा, कारण उजवा कप्पा गुंतला असेल तर मघाशी म्हटलेलं सॉर्बिट्रेट घातक ठरतं. आणि खालच्या भिंतीचा अटॅक अगदी कोवळा असताना दुसऱ्या, तिसऱ्या लीडमध्ये उचल जेमतेम असते, पण एव्हीएल या लीडमध्ये एसटी खाली झुकलेला दिसतो. ही एक सवय लावून घेतली तरी बरेच अटॅक लवकर सापडतील असं मला वाटतं.

मिलिमीटरांच्या निकषांवरच आता प्रश्न उभे राहिले आहेत. 'स्टेमी नाही' असं ठरवून वाट पाहायला लावलेल्या रुग्णांची अँजिओग्राफी झाली, तेव्हा साधारण चौघांमागे एकाची रक्तवाहिनी पूर्ण बंद सापडली. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून हे मांडलं गेलं. त्यातून अमेरिकेतल्या स्टीफन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला की एसटी किती मिलिमीटर चढला यापेक्षा रक्तवाहिनी बंद आहे का, हे विचारा. त्यांच्या निदानाच्या धर्तीवर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणालीही तयार झाली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिनं नेहमीच्या निकषांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात बंद रक्तवाहिन्या पकडल्या. आशा वाटावी असंच हे आहे. मात्र संगणकाला दिसते ती पट्टीच. व्ही-१ दोन खाचा वर लावलेला असेल तर त्यालाही चुकीचंच दिसणार. आणि साध्या यंत्रानं वर छापलेलं 'नॉर्मल' म्हणजे डॉक्टरचा अभिप्राय नव्हे.

मनगटावरच्या घड्याळाचं विचाराल तर, ते एकाच लीडची नोंद घेतं. ठोके अनियमित पडतात का, हे ओळखायला ते उपयोगी. हार्ट अटॅक त्यातून ओळखता येत नाही. बनवणाऱ्या कंपन्याच तसं सांगतात. छातीत कळ येत असताना घड्याळ हिरवं दाखवतंय म्हणून घरी बसू नका.

जुना ईसीजी हे फुकटातलं सगळ्यात उपयोगी हत्यार. वर्षानुवर्षं रक्तदाब असलेल्यांचं हृदय जाड होतं, काहींना डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक असतो, काही धडधाकट तरुणांचा एसटी जन्माचाच थोडा वर असतो. अशांच्या पट्टीत नवं काय आणि जुनं काय, हे शेजारी मागची पट्टी असल्याशिवाय सांगता येत नाही. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी, सरासरी ५३ व्या वर्षी येतो, असं 'इंटरहार्ट' अभ्यासात आढळलं. तेव्हा साखर, रक्तदाब, तंबाखू किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर चाळिशीत, बरं असतानाच एक ईसीजी काढून ठेवा. आणि त्याचा लगेच मोबाइलवर फोटो घ्या. पट्टीचा कागद उष्णतेनं छापला जाणारा असतो. प्लास्टिकच्या फाइलीत तो वर्षादोन वर्षांत फिका पडतो. काही हौशी मंडळी तो जपायचा म्हणून लॅमिनेट करून आणतात. मशीनच्या उष्णतेनं अख्खा कागद काळाठिक्कर होतो. झेरॉक्स चालते. फोटो सरळ वरून, सावली न पाडता, चौकोन मोजता येतील असा काढा, आणि घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा.

गावाकडे राहणाऱ्यांनी एक चौकशी आजच करून ठेवावी: जवळचं कुठलं रुग्णालय रात्री-अपरात्री ईसीजी काढतं आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतं? राज्याच्या आरोग्य विभागाच्या 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्पात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांमध्ये काढलेली पट्टी इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जाते आणि काही मिनिटांत अभिप्राय येतो. आपल्या तालुक्यात ती सोय आहे का, हे विचारून घ्या. अटॅक पक्का झाला आणि अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल, तर त्रास सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत इंजेक्शन तिथेच घेणं श्रेयस्कर. "पुण्यालाच नेऊ" म्हणत ते टाळून गाडी हायवेला लावणं म्हणजे स्नायू वाटेत गमावणं. इंजेक्शन दिल्यावर साठ ते नव्वद मिनिटांनी पुन्हा ईसीजी निघायला हवा. एसटी निम्म्यानं तरी खाली आला का, त्यावरून औषध लागू पडलं की नाही हे कळतं, आणि नसेल तर ताबडतोब कॅथलॅब गाठावी लागते.

हलवताना सगळ्या पट्ट्या वेळेच्या क्रमानं सोबत घ्या, इंजेक्शन किती वाजता दिलं ते लिहून घ्या, आणि अॅम्ब्युलन्स निघण्याआधी पट्ट्यांचे फोटो पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना पाठवायला इथल्या डॉक्टरांना सांगा. ते फोटो वेळेत पोचले तर रुग्णाला कॅज्युअल्टीत थांबवून न ठेवता थेट कॅथलॅबच्या टेबलावर घेता येतं.